बऱ्या दिवशी आवरतं घ्या : लाँग कोविड असलेल्या मुलांची घरी आणि शाळेत काळजी

लाँग कोविडमधलं मूल घसरतं ते बहुतेक वेळा बऱ्या दिवशी. आठवडाभर पडून असलेली मुलगी एके सकाळी ताजीतवानी उठते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. बुडलेल्या वह्या पूर्ण होतात, क्लासला चक्कर होते, संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॅडमिंटनही होतं. त्या रात्री काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही पुढच्या दिवशी ती अंथरुणातून उठू शकत नाही, आणि मधे दोन रात्री गेल्यामुळे कुणालाच त्या बॅडमिंटनची आठवण येत नाही. दोष जातो हवेला, बाहेरच्या खाण्याला, नाहीतर मुलीच्या आळसाला. हा उशिरा बसणारा फटका ओळखता आला की निम्मं काम झालं. त्यामुळे या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

नेमकं कशाला लाँग कोविड म्हणायचं

जागतिक आरोग्य संघटनेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांसाठी वेगळी व्याख्या दिली. कोविड झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत सुरू झालेली, किमान २ महिने टिकलेली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणणारी लक्षणं, असा तिचा सारांश. लक्षणं कमीजास्त होऊ शकतात, मधे गायब होऊन परतही येतात. कोविड खात्रीचा असला पाहिजे असं ही व्याख्या म्हणत नाही, संभाव्य असला तरी चालतो. हे आपल्याकडे महत्त्वाचं, कारण आता तापाच्या मुलाची कोविड चाचणी क्वचितच होते. ‘पॉझिटिव्ह रिपोर्ट नाही म्हणजे लाँग कोविड नाही’ असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही. घरात त्याच आठवड्यात आणखी कोण आजारी होतं, शाळेत साथ होती का, वास गेला होता का, हे तारखांसकट लिहून ठेवा. अँटिबॉडीच्या तपासणीवर पैसे घालवू नका. बहुतेकांना आतापर्यंत संसर्ग किंवा लस यांतलं काहीतरी मिळालेलं आहे, त्यामुळे त्या आकड्यातून काही कळत नाही.

वयाप्रमाणे चित्र बदलतं. लाँग कोविडवरच्या अमेरिकेच्या ‘रिकव्हर’ प्रकल्पाचा मुलांवरचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६ ते ११ वयात लक्ष न लागणं, विसरणं, पोटदुखी, पाठदुखी, डोकेदुखी आणि झोपेच्या तक्रारी पुढे आल्या. १२ ते १७ वयात दिवसभराचा थकवा, चालल्यावर गळून जाणं, अंगदुखी, सांधेदुखी आणि वास-चव जाणं हे जास्त दिसलं. म्हणजे तिसरीतल्या मुलाचं ‘पोटात दुखतंय, शाळेत नाही जाणार’ आणि दहावीतल्या मुलीचं दुपारी चारला झोपून जाणं, या दोन्हींमागे एकच आजार असू शकतो.

कोविडनंतर साधारण २ ते ६ आठवड्यांत क्वचित एखाद्या मुलाला ‘मिस-सी’ नावाचा वेगळा गंभीर आजार होतो. सततचा ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, जुलाब-उलट्या ही त्याची लक्षणं. तो लाँग कोविड नव्हे. तिथे वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

आधी बाकीचं तपासून घ्या

लाँग कोविड सिद्ध करणारी एकही रक्ततपासणी नाही. तपासण्या करायच्या त्या दुसरं काही सुटू नये म्हणून. आपल्या भागात थकलेल्या मुलामागे ॲनिमिया, थायरॉइड, बी-१२ किंवा डी जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह आणि टीबी यांपैकी काहीही निघू शकतं. पावसाळ्यात यात डेंगू, मलेरिया आणि टायफॉइडची भर पडते. बालरोगतज्ज्ञ साधारणपणे सीबीसी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), साखर, सीआरपी, बी-१२, डी, लघवीची तपासणी आणि ईसीजी सांगतात. दोन आठवड्यांवर खोकला, वजन घटणं किंवा संध्याकाळचा बारीक ताप असेल तर छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी तुम्ही स्वतःहून विचारा. वयात आलेल्या मुलींचं हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन खाली असू शकतं, म्हणून ते वेगळं बघायला सांगा. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर चहाबरोबर नकोत, लिंबूपाण्याबरोबर चालतील.

पहिल्या भेटीला फाइलींचा गठ्ठा नेण्यापेक्षा एक पान न्या. वर आजाराच्या तारखा, मग सगळ्यात त्रासदायक ३ लक्षणं, मग आधी मूल काय करायचं आणि आता काय जमतं. ‘खूप थकतो’ यातून डॉक्टरला काही कळत नाही. ‘आधी रोज दीड तास फुटबॉल, आता दुसऱ्या मजल्यावर चढून आला की अर्धा तास पडून राहतो’ यातून सगळं कळतं. कामानंतर त्रास किती तासांनी वाढतो, हे शेवटच्या ओळीत लिहा.

ठाण्यात सिव्हिल आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशी, नेरुळ आणि ऐरोलीची महापालिका रुग्णालयं, इथल्या बालरोग ओपीडीपासून सुरुवात करता येते. केस पेपरच्या रांगेत पालकांपैकी एकानं उभं राहायचं, मुलानं बसूनच राहायचं. व्हीलचेअर मागायला लाजू नका. परळ-दादरच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर सकाळी ११ नंतरची वेळ घ्या आणि तो प्रवास हे त्या दिवसाचं एकमेव काम धरा. रिपोर्ट दाखवण्यापुरती भेट असेल तर फोनवर किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन ओपीडीवर होते का, ते आधी विचारा. ठाणे स्टेशनचा पूल चढून-उतरून आलेल्या मुलाची तपासणी दहा मिनिटांची असते, भरपाई तीन दिवसांची.

खालीलपैकी काही दिसलं तर वही, नोंदी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल:
- पळताना किंवा चढताना छातीत दुखणं, किंवा श्रम चालू असतानाच बेशुद्ध पडणं
- बसल्या जागी धाप लागणं, ओठ निळसर होणं, ऑक्सिमीटर सतत ९४ च्या खाली
- फिट येणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं
- ‘जगायचंच नाही’ अशी भाषा, गमतीत म्हटलेली असली तरी

२०२१ साली घरोघरी घेतलेले ऑक्सिमीटर अजून ड्रॉवरमध्ये असतील. वापरण्याआधी सेल बदला. बोटावर नेलपॉलिश किंवा मेंदी असेल, हात गार असतील, तर आकडा चुकतो.

वही : पंधरा दिवस फक्त लिहा

काहीही बदलण्याआधी दोन आठवडे नोंद ठेवा. साधी शंभरपानी वही पुरते. रोजच्या पानावर झोपेचे तास, अभ्यासाची मिनिटं, स्क्रीनची मिनिटं, जिने, चालणं, अंघोळ, पाहुणे, भांडण-रडणं यांची नोंद आणि रात्री थकवा, डोकेदुखी, चक्कर यांना ० ते १० पैकी गुण. रडणं यासाठी, की मनाच्या श्रमानंही तसाच फटका बसतो. वाढदिवसाची मजासुद्धा श्रमच.

आता वाचायचं कसं ते बघा. समजा पान असं आहे:

*सोमवार. झोप ९ तास. गणित ५० मिनिटं. लिफ्ट बंद, तीन मजले चढला. रात्री थकवा ४.*
*मंगळवार. झोप ९. अभ्यास २० मिनिटं. मावशी आली होती, दोन तास गप्पा. थकवा ४.*
*बुधवार. सकाळी उठला नाही. डोकेदुखी ७, थकवा ९. आवाज, उजेड नको म्हणाला. जेवण खोलीतच.*

बुधवारचं कारण बुधवारी शोधलं तर सापडणार नाही. ते सोमवारी आणि मंगळवारी आहे. साधारण १२ ते ४८ तासांनी येणाऱ्या या घसरणीला डॉक्टर ‘पोस्ट-एक्झर्शनल मलेज’ म्हणतात. दर रविवारी सगळ्यात वाईट दिवसावर लाल गोल करा आणि त्याच्या मागच्या दोन दिवसांत काय जास्त झालं त्यावर खूण करा. दोन-तीन गोल झाले की घरातल्या आठ वर्षांच्या मुलालाही नमुना दिसायला लागतो.

वही आईनं किंवा बाबांनी भरायची. आजारी मुलाला दिवसातून पाच वेळा ‘आता कसं वाटतंय’ विचारू नका. रात्री एकदाच विचारा.

झेपेल तेवढंच, आणि त्याहून थोडं कमी

पंधरा दिवसांच्या नोंदीतून मधला आकडा काढा : ज्या दिवसांनंतर घसरण झाली नाही, त्या दिवशी अभ्यास किती मिनिटं, चालणं किती, गप्पा किती. त्यातून पाव भाग कमी करा. अभ्यास ४० मिनिटं झेपत असेल तर ३०. आणि ती ३० सलग नकोत : १५ मिनिटं, मग २० मिनिटं पूर्ण विश्रांती, मग १५.

विश्रांती म्हणजे डोळे मिटून, आडवं, शांत. मोबाइलवर रील्स बघत लोळणं ही विश्रांती नव्हे. डोळे, कान, मेंदू सगळं चालूच असतं. मुलं यावर कडाडून वाद घालतील. वाद घालू नका, वही दाखवा. मोबाइल पूर्ण काढूनही घेऊ नका, मित्रांशी तेवढाच धागा उरलेला असतो. मोबाइलची मिनिटं कामाच्या खात्यात धरा, एवढंच.

हा आकडा बऱ्या दिवशीही तोच. इथेच सगळी घरं चुकतात, कारण बऱ्या दिवशी मुलाला थांबवणं जिवावर येतं. तयारी आधी करून ठेवा. कॅरमचे दोन गेम ठरले असतील तर तिसरा नाही, हे खेळ सुरू होण्याआधी सांगायचं. स्वयंपाकघरातला टायमर मुलाच्या हातात द्या. स्वतः लावलेला टायमर वाजला की मूल उठतं, आईनं हाक मारली की भांडण होतं.

सलग दोन आठवडे एकही घसरण नाही, तर एकाच गोष्टीत वाढ करा, साधारण १० टक्के. ३० मिनिटांची ३३. आकडा हास्यास्पद वाटेल, वाटू दे. अभ्यास आणि चालणं एकाच आठवड्यात वाढवू नका, नाहीतर बिघडलं कशानं ते कळणार नाही.

‘रोज थोडं थोडं वाढव, अंगात ताकद येईल’ हा सल्ला फिजिओथेरपिस्टकडून, जिमच्या ट्रेनरकडून, आजोबांकडूनही येईल. ज्या मुलाला उशिराचा फटका बसतो त्याला ठरावीक वेळापत्रकानं व्यायाम वाढवत नेणं घातक ठरू शकतं. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये एमई-सीएफएस या दीर्घ थकव्याच्या, अगदी जवळच्या आजारासाठी असा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट केलं. पूर्ण अंथरुणात ठेवा असाही याचा अर्थ नाही. पडल्यापडल्या घोटे फिरवणं, बसून खांदे मोकळे करणं, घरातल्या घरात फेऱ्या, हे घसरण न होता जमत असेल तर करायचंच. फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी विचारा : उशिरा येणारा थकवा तुम्ही कसा मोजता? उत्तर गोलमोल आलं तर दुसरे शोधा.

उभं राहिलं की घेरी येते तेव्हा

मोठ्या मुलांपैकी बऱ्याच जणांत ‘पॉट्स’ निघतो : उभं राहिल्यावर रक्तदाब फारसा न पडता नाडीच धावायला लागते. प्रार्थनेला उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर गळून जाणं, पाय जांभळट दिसणं, अशी चिन्हं असतात. १२ ते १९ वयात उभं राहिल्यापासून १० मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ४० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर डॉक्टर पॉट्सचा विचार करतात. मोठ्या माणसांसाठी हा आकडा ३० आहे, त्यामुळे इंटरनेटवर वाचून घाबरू नका.

घरी मोजायचं असेल तर असं करा. सकाळी, न्याहारीआधी. मुलाला १० मिनिटं आडवं ठेवा, गप्पा नाहीत. नाडी आणि रक्तदाब लिहा. मग भिंतीला पाठ टेकून उभं करा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. दर मिनिटाला नाडी, दर दोन मिनिटांनी रक्तदाब, एकूण १० मिनिटं. पाय हलवायचे नाहीत, हलवले की पोटऱ्या रक्त वर ढकलतात आणि आकडा चांगला येतो. मागे गादी असू द्या आणि एक माणूस हाताच्या अंतरावर. चक्कर वाढली की लगेच थांबा. बारीक दंडाच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा बसत नाही, रक्तदाब खोटा कमी दिसतो. लहान पट्टा केमिस्टकडे मिळतो. एकदा आकडे मिळाले की रोज मोजत बसू नका. कागद डॉक्टरांना द्या.

उपायांत पहिलं पाणी. वयात आलेल्या मुलाला दिवसाला २ ते अडीच लिटर, त्यातला पहिला मोठा पेला अंथरुणातून उठण्याआधी. उशाशी तांब्या-भांडं ठेवा. मीठ वाढवायचं ते डॉक्टरांनी रक्तदाब आणि किडनी ठीक असल्याचं सांगितल्यावरच. मग मीठ घातलेलं ताक, तांदळाची पेज, लिंबू सरबत, सोलकढी हे सगळं कामाचं. ओआरएस घ्यायचं तर पुडीचं, आणि पुडीवर लिहिलेल्या मापातच कालवा. मोठी पुडी १ लिटरची असते, ती एका पेल्यात ओतू नका. खोक्यातली गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

पायमोजे आवळ असतील तर उपयोग होतो, पण कमरेपर्यंतचे घट्ट मोजे ठाण्याच्या मे महिन्यात कुणीही दोन दिवसांच्या वर घालत नाही. पोटाला बांधायचा पट्टा त्यातल्या त्यात सुसह्य. उकाडा हा पॉट्सचा मोठा शत्रू आहे. ऑक्टोबर हीट आणि एप्रिल-मेमध्ये सगळे आकडे आपोआप खाली आणा, ११ ते ४ बाहेरचं काम ठेवू नका. रांगेत उभं राहावंच लागलं तर पायांची कात्री करून मांड्या आवळायच्या, नाहीतर सरळ उकिडवं बसायचं.

अंघोळ, जेवण, झोप

अंघोळीत किती ताकद जाते याचा कुणाला अंदाज नसतो. एक प्लॅस्टिकचं स्टूल बसायला, दुसरं बादली ठेवायला, म्हणजे वाकावं लागत नाही. पाणी कोमट. डोकं धुण्याचा दिवस वेगळा, आणि त्या दिवशी अभ्यास निम्मा. अंघोळ सकाळी शाळेआधीच झाली पाहिजे हा हट्ट सोडा, संध्याकाळी केली तर सकाळची ताकद वाचते. बाथरूमला आतून कडी नको.

जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा. पोटभर जेवल्यावर पॉट्सवाल्या मुलाची चक्कर वाढते.

झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ धरून ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत मूल दिवसाही झोपेल, झोपू द्या. पुढे दुपारची झोप ३ च्या आत आणि पाऊण तासापर्यंत आणा.

वास गेला, किंवा वाकडा झाला

काही मुलांना वास येत नाही, काहींना उलटा येतो : लसणाची फोडणी, परतलेला कांदा, अंडं, कॉफी, तळण यांचा सडका किंवा जळका वास. अशा मुलाला ‘नखरे’ म्हणून ताटावर बसवून ठेवणं क्रूर आहे. फोडणीच्या वेळी त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा, एक्झॉस्ट लावा. गार किंवा कोमट अन्न कमी त्रास देतं, म्हणून दहीभात, फोडणीशिवाय वरणभात, काकडी, केळं, गार पोळी-तूप यांवर काही महिने काढले तरी चालतं. वजन दर पंधरा दिवसांनी, एकाच काट्यावर.

वासाचा सराव स्वस्त आहे. लवंग, लिंबाची साल, गुलाब आणि निलगिरी, चार झाकणाच्या बाटल्यांत. दिवसातून दोनदा, प्रत्येक वास २० सेकंद, हलकेच हुंगायचा आणि तो वास कसा होता ते आठवायचं. किमान १२ आठवडे. निलगिरीचे दोन थेंब कापसावर पुरतात, नाकात घालायचे नाहीत. बहुतेक घरं तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. दात घासण्याला जोडून दिलं तर टिकतं.

एक गोष्ट विसरू नका : वास न येणाऱ्या मुलाला गॅस गळतीही कळत नाही. त्याला एकट्याला शेगडीवर दूध तापवायला लावू नका.

औषधं, काढे आणि पुड्या

लाँग कोविड मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. डोकेदुखी, झोप, पॉट्स, ॲलर्जी, चिंता यांवर लक्षणांप्रमाणे उपचार मात्र होतात आणि त्यांनी खरोखर फरक पडतो. ‘यावर काही नाही’ असं ऐकून घरी येऊ नका, ‘यातल्या कोणत्या लक्षणावर आधी उपाय करता येईल’ असं विचारा.

डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे द्यायची असते. ती रोज दिली गेली की रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि किडनीला इजा होते. काढ्यात ज्येष्ठमध रोज आणि भरपूर गेला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. जे काही देताय, काढ्यासकट, ते डॉक्टरांना सांगा.

शाळा

मुख्याध्यापकांना भेटायच्या आधी डॉक्टरांकडून पत्र घ्या. त्यात ‘विश्रांतीची गरज’ एवढंच लिहिलेलं असेल तर शाळा पंधरा दिवसांची रजा देते आणि सोळाव्या दिवशी पूर्ण हजेरी मागते. पत्रात आजाराचं नाव, तो अनेक महिने चालू शकतो हे, लक्षणं कमीजास्त होतात हे, आणि नेमक्या सवलती लिहून घ्या. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत कोविडनंतरच्या आजाराला यू०९.९ असा सांकेतांक आहे. तो पत्रावर असला की कारकुनापासून संस्थेच्या विश्वस्तांपर्यंत सगळे पत्र जरा गंभीरपणे वाचतात.

सवलती या मागा : वर्ग तळमजल्यावर किंवा लिफ्टची परवानगी, प्रार्थना-राष्ट्रगीताच्या वेळी बसण्याची मुभा, बाकावर पाण्याची बाटली आणि खारट खाऊ, हात वर न करता बाहेर जाऊन आडवं होण्याची सोय, पुस्तकांचा एक संच शाळेत. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांवर नसावं असं २०२० चं राष्ट्रीय दप्तर धोरण सांगतं. या मुलाला तेवढंही नको. पीटीच्या तासाला ‘मैदानावर नुसतं बस’ ही सवलत नव्हे, उन्हात बसणंही श्रमाचंच आहे. तो तास वाचनालयात.

परत जाणं टप्प्यांनी. घरी रोज दोनदा १५-२० मिनिटांचा अभ्यास दोन आठवडे विनासायास झाला की पहिला टप्पा : आठवड्यातून दोन दिवस, मधे दोन दिवस सोडून, फक्त एक ते दोन तासिका. सोमवार-गुरुवार घ्या. दुसरा टप्पा मधल्या सुट्टीपर्यंत, तेच दोन दिवस. तिसरा, तीन दिवस अर्धं सत्र. प्रत्येक टप्पा किमान दोन आठवडे. आणि पहिल्या तासिका गणित-विज्ञानाच्याच हव्यात असं नाही. चित्रकला आणि मधली सुट्टी असलेला दिवस निवडला तर मुलाला शाळा परत आपली वाटते. मार्क नंतर मिळवता येतात.

शाळेत एक तास म्हणजे प्रवास धरून किती, हे मोजा. घोडबंदर रोडवरून पाऊण तास हलत जाणारी बस त्या एका तासाहून जास्त दमवते. सुरुवातीचे आठवडे रिक्षानं, गर्दीची वेळ टाळून. सकाळचं सत्र जमत नसेल आणि शाळेत दुपारचं असेल तर तुकडी बदलून मागा. सकाळ हा बहुतेक मुलांचा सगळ्यात जड वेळ असतो.

वर्गात शिक्षकांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत. सूचना तोंडी नको, लिहून. एका वेळी एक. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावण्याऐवजी फोटो किंवा मित्राच्या वहीची झेरॉक्स. दहा गणितांऐवजी तीन. अचानक उभं करून उत्तर विचारू नये. विस्मरण असलेलं मूल तिथे गोठतं आणि पुढच्या वेळी शाळेचंच नाव टाकतं.

नववी-दहावीत हजेरीचा प्रश्न येतो. ७५ टक्के हजेरीत वैद्यकीय कारणानं सूट मिळते, पण अर्ज आणि कागद शाळेमार्फत वेळेत जावे लागतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीपासून प्रत्येक रजेचा अर्ज दोन प्रतींत देऊन एकीवर शाळेचा शिक्का घ्या. राज्य मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय वाशीतच आहे. तरी थेट तिथे धाव घेण्याआधी मुख्याध्यापकांचं पत्र हातात हवं. परीक्षेतल्या लेखनिक, जादा वेळ या सवलती प्रामुख्यानं दिव्यांगत्वाच्या यादीवर चालतात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत लाँग कोविड नाही. ‘मिळेलच’ असं मुलाला सांगू नका, पण तळमजल्यावरचं केंद्र, पाणी जवळ ठेवणं, मधे पाच मिनिटं डोकं टेकवणं हे लेखी मागून ठेवा. सगळे विषय एकदम झेपणार नसतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी-बारावीचे विषय एक-एक, दोन-दोन करत पाच वर्षांत देता येतात. याला ‘वर्ष वाया गेलं’ म्हणणारे नातेवाईक भेटतील.

घरातली माणसं आणि मुलाचं मन

‘आमच्या वेळी असले आजार नव्हते’ हे वाक्य मुलाच्या कानावर पडू देऊ नका. आजी-आजोबांना समजावण्याऐवजी त्यांना काम द्या : दुपारी २ ते ३ घरात शांतता राखणं, ताक करून ठेवणं, कॅरमचा टायमर सांभाळणं. कामाला लागलेलं माणूस शेरे कमी मारतं. धाकट्या भावंडाला मात्र आठवड्यातून एकदा, मासुंदा तलावाची चक्कर का होईना, फक्त त्याच्यासाठी बाहेर न्या. आजारी दादामुळे आपल्या वाट्याला काही येत नाही हे ते बोलत नाही, दप्तर आपटून दाखवतं.

महिनोन्महिने खोलीत राहिलेलं मूल उदास होतं, चिडतं, शाळेच्या नावानं घाबरतं. ही भीती आजारातून आलेली आहे. आजार भीतीतून आलेला नाही. तरीही उपचार तिच्यावरही हवेत. समुपदेशकाकडे नेताना ‘तुझ्या डोक्यात आहे म्हणून’ असं न म्हणता ‘इतके दिवस सोसतोयस म्हणून’ असं सांगा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनशी १४४१६ वर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. मुलासाठी १०९८ ही चाइल्डलाइनही आहे.

घसरण झाली तर

होणारच. सर्दी, परीक्षा, लग्नघर, गणपतीतली जागरणं, नवा संसर्ग, यांतलं काही ना काही येतंच. पहिल्या दिवशी सगळं काम शून्यावर. पडदे ओढा, पाणी-पेज चालू ठेवा, नवं औषध सुरू करू नका. शाळेला एकच निरोप, आधीच लिहून ठेवलेला. थकव्याचे गुण नेहमीच्या पातळीवर येऊन सलग तीन दिवस राहिले की घसरणीआधीच्या निम्म्या आकड्यांपासून सुरुवात करा, होतं तिथून नव्हे. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, नवं लक्षण आलं किंवा ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक नवीन तक्रार लाँग कोविडच्या खात्यावर टाकली की टायफॉइड सुटतो.

घरात कुणाला ताप-खोकला असेल तर त्या माणसानं मास्क लावायचा, मुलानं नव्हे. खिडक्या उघड्या, ताट-खोली वेगळी. गर्दीच्या लोकलमध्ये किंवा ओपीडीत मात्र मुलाला एन-९५ द्या, त्याच्या चेहऱ्यावर नीट बसणारा. मोठ्यांचा मास्क लहान गालांवर फटी सोडतो, कानामागे गाठ मारून तो घट्ट होत नाही.